दहीहंडीचे व्यावसायिकीकरण

दहीहंडीचे व्यावसायिकीकरण म्हणजे गोपाळकाल्याच्या दिवशी मानवी थर रचून हंडी फोडण्याच्या पारंपरिक उत्सवात रोख बक्षिसे, राजकीय प्रायोजकत्व, जाहिराती, दूरचित्रवाणी प्रक्षेपण आणि व्यावसायिक स्पर्धा यांचा झालेला प्रवेश होय. मराठी वृत्तपत्रांत या प्रक्रियेला बहुधा 'दहीहंडीचे बाजारीकरण' असे म्हटले जाते. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसरात तिचा प्रभाव सर्वाधिक दिसतो. व्यावसायिकीकरणामुळे गोविंदा पथकांना पैसा, प्रसिद्धी आणि शासकीय मान्यता मिळाली. त्याचबरोबर थरांची उंची, अपघात, लहान मुलांचा सहभाग आणि उत्सवावरील नियंत्रण यांविषयी वाद निर्माण झाले. २०१४ पासून हे वाद मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढे गेले.

पार्श्वभूमी

श्रावण वद्य अष्टमीला कृष्णजन्म आणि नवमीला गोपाळकाला साजरा होतो. कृष्णाने सवंगड्यांसह शिंक्यावरचे दही-लोणी काढून खाल्ले, या कथेचे स्मरण म्हणून हंडी फोडली जाते. हंडीत दही, पोहे, लाह्या इत्यादी पदार्थ घालतात आणि ती फुटल्यावर काला प्रसाद म्हणून वाटतात. वारकरी संप्रदायात काल्याला स्वतंत्र महत्त्व आहे. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र करून भेदाभेद न मानता खाणे हा त्याचा आशय होय. नाशिक जिल्ह्यातील चांदवडसारख्या तालुक्यांतील गावांत अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. तेथे हंडी हा कीर्तनाचा शेवटचा भाग असतो आणि ती दोन-तीन थरांत किंवा नुसत्या हाताने फोडता येईल इतक्याच उंचीवर बांधतात.

मुंबईत या उत्सवाला वेगळे वळण मिळाले. गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव, दादर या भागांतील चाळींमध्ये कोकण आणि देशावरून आलेल्या कामगारांची वस्ती होती. चाळीच्या दोन इमारतींमध्ये दोर ताणून हंडी बांधली जाई. वाडीतील तरुण ती फोडीत, वरच्या गॅलऱ्यांतून त्यांच्यावर पाणी ओतले जाई आणि घरोघरी वर्गणी गोळा होई. हंडीसोबत नारळ, नोटांची माळ किंवा थोडी रक्कम बांधलेली असे. शेजारच्या वाडीतील हंडी फोडण्यासाठी जाण्याच्या प्रथेतून पथकांमध्ये चुरस निर्माण झाली. व्यावसायिकीकरणाची बीजे या चुरशीत होती. तथापि बक्षिसाची रक्कम तोपर्यंत दुय्यम होती.

गोविंदा पथक

थर रचणाऱ्या संघाला गोविंदा पथक आणि त्यातील सदस्याला गोविंदा म्हणतात. बहुतेक पथके एखाद्या वाडीच्या, मंडळाच्या किंवा देवळाच्या नावाने ओळखली जातात. मोठ्या पथकात काही शे गोविंदा असतात. अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो आणि नोकरी-शिक्षण सांभाळून रात्री मैदानात किंवा वाडीच्या चौकात चालतो.

तळाच्या थरात अंगापिंडाने मजबूत गोविंदा वर्तुळाकार उभे राहतात. त्यांच्याभोवती इतर सदस्य दाटीने उभे राहून आधार देतात. त्यावरील प्रत्येक थरात माणसे कमी होत जातात आणि वरचे काही थर एकेका व्यक्तीचे असतात. सर्वांत वर चढणाऱ्याला 'एक्का' म्हणतात. वजन कमी असणे आवश्यक असल्यामुळे एक्का बहुधा वयाने लहान असतो. हंडी न फोडता ठरलेले थर रचून वरच्या गोविंदाने हात उंचावणे याला 'सलामी' म्हणतात. सलामीनंतर थर शिस्तीने उतरवणे हे रचण्याइतकेच कठीण मानले जाते. अनेक अपघात थर उतरताना किंवा मधला थर अचानक खचल्याने होतात.

एका दिवसात पथक अनेक ठिकाणी जाऊन सलामी देते. ट्रक किंवा बस, टी-शर्ट, जेवण आणि जखमींचे उपचार यांचा खर्च पथकावर पडतो. मिळालेल्या बक्षिसातून हा खर्च भागवून उरलेली रक्कम मंडळाच्या कामासाठी, देवळासाठी किंवा सामाजिक उपक्रमांसाठी वापरण्याची पद्धत अनेक पथकांत आहे. गोविंदा स्वतः सामान्यतः वेतन घेत नाही. आयोजन व्यावसायिक आणि सहभाग हौशी, अशी ही विषम रचना आहे. दहीहंडीविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ तिच्यात सापडते.

बक्षिसांचा उदय

ठाण्यात टेंभी नाक्यावर शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेली दहीहंडी राजकीय आश्रयाखालील मोठ्या हंड्यांमध्ये आरंभीची मानली जाते. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि विशेषतः २००० नंतर विविध पक्षांचे आमदार व नगरसेवक आपापल्या प्रतिष्ठानांमार्फत हंड्या उभारू लागले. ठाण्यात जितेंद्र आव्हाड यांचे संघर्ष प्रतिष्ठान, प्रताप सरनाईक यांचे संस्कृती युवा प्रतिष्ठान आणि रवींद्र फाटक यांचे संकल्प प्रतिष्ठान, तर मुंबईत वरळीला सचिन अहिर आणि घाटकोपरला राम कदम यांच्या हंड्या विशेष गाजल्या.

या हंड्यांनी उत्सवाचे स्वरूप बदलले. चाळीच्या गल्लीऐवजी रस्त्याचा मोठा चौक किंवा मैदान आले. दोर बांधण्यासाठी क्रेन आल्या. व्यासपीठावर चित्रपट कलाकार, नृत्याचे कार्यक्रम आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहिल्या. वृत्तवाहिन्यांनी दिवसभराचे थेट प्रक्षेपण सुरू केले. गोविंदांच्या टी-शर्टवर पथकाच्या नावापेक्षा प्रायोजकाचे नाव आणि नेत्याचे छायाचित्र मोठे दिसू लागले. बक्षिसे हजारांतून लाखांत गेली आणि काही आयोजकांनी जाहीर केलेल्या बक्षिसांची एकूण रक्कम एक कोटी रुपयांच्या घरात पोहोचली.

बक्षीस देण्याची पद्धत या बदलात निर्णायक ठरली. पूर्वी हंडी फोडणाऱ्यास बक्षीस मिळे. आता थरांच्या संख्येनुसार रक्कम ठरू लागली. सहा थरांपेक्षा सातास, सातापेक्षा आठास आणि नऊ थरांस सर्वाधिक रक्कम मिळत असल्याने एकेक थर वाढवण्याला आर्थिक मूल्य आले. लहान पथकांनाही दिवसाचा खर्च भरून काढण्यासाठी सरावापेक्षा अधिक थर लावण्याचा मोह होऊ लागला. उंची वाढवण्याचा लाभ आयोजकाला प्रसिद्धीच्या रूपाने मिळतो, पण पडण्याची जोखीम पूर्णपणे गोविंदाची असते, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे.

उंचीची स्पर्धा आणि विक्रम

१० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर रचले. १३.३४ मीटर (४३.७९ फूट) उंचीच्या या मनोऱ्याची नोंद गिनीज बुकात झाली आणि स्पेनमधील १९८१ चा विक्रम मोडला गेला. या नोंदीमुळे दहीहंडीला आंतरराष्ट्रीय प्रसिद्धी मिळाली, तसेच नऊ थर हे मोठ्या पथकांचे मोजमाप बनले. १६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर रचले. त्याच दिवशी जय जवान पथकानेही दहा थरांची कामगिरी केली.

मोठी पथके वर्षानुवर्षे सराव करून या उंचीपर्यंत पोहोचली आहेत. त्यांचे अनुकरण करणाऱ्या अल्पानुभवी पथकांचा प्रश्न निराळा आहे. मुंबईतील रुग्णालयांत दहीहंडीच्या दिवशी जखमींसाठी खाटा राखून ठेवल्या जातात आणि जखमींचा आकडा अनेक वर्षी शंभराच्या पुढे जातो. हाडे मोडणे, डोक्याला मार लागणे आणि मणक्याची दुखापत हे अपघातांचे प्रमुख प्रकार आहेत. मणक्याच्या दुखापतीमुळे कायमचे अपंगत्व येऊ शकते आणि अशा वेळी उत्सवाचा एक दिवस संपल्यानंतरचा दीर्घ उपचार कुटुंबालाच पेलावा लागतो.

न्यायालयीन लढा

ऑगस्ट २०१४ मध्ये एका जनहित याचिकेवर निर्णय देताना मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची २० फुटांपेक्षा अधिक नसावी आणि १८ वर्षांखालील मुलांना थरांत सहभागी करू नये, असा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिल्याने त्या वर्षीचा उत्सव जुन्या पद्धतीने पार पडला. ऑगस्ट २०१६ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी शिथिल करण्यास नकार दिला.

२०१६ च्या उत्सवात या अटींविरुद्ध उघड नाराजी दिसली. दादर येथे शिडी लावून हंडी फोडत प्रतीकात्मक निषेध करण्यात आला. ठाण्यात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने २० फुटांहून उंच हंडी बांधली आणि पथकांनी नऊ थर लावले. या प्रकरणी पोलिसांनी गुन्हा नोंदवला. उंचीवरील बंधन म्हणजे सणावरील आणि मराठी अस्मितेवरील घाला असल्याची मांडणी काही राजकीय पक्षांनी केली.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण पुनर्विचारासाठी उच्च न्यायालयाकडे पाठवले. ७ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालण्यास नकार दिला आणि १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, हे राज्य शासनाचे निवेदन स्वीकारले. तेव्हापासून थरांच्या उंचीवर न्यायालयीन मर्यादा नाही; वयाची अट मात्र आहे.

साहसी खेळाचा दर्जा

ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीचा समावेश साहसी खेळांत केला. १८ ऑगस्ट २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देत असल्याची घोषणा केली आणि गोविंदांना शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ मिळेल असे सांगितले.

या घोषणेचे पथकांनी स्वागत केले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार आणि तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी तिच्या व्यवहार्यतेविषयी प्रश्न उपस्थित केले. शेकडो जणांच्या मनोऱ्यात एखाद्या व्यक्तीची गुणवत्ता कशी मोजायची, पात्र गोविंदांची नोंद कोण ठेवणार आणि मान्यताप्राप्त संघटना, पंच व प्रमाणपत्रे यांची व्यवस्था असलेल्या इतर खेळांतील खेळाडूंशी त्यांची तुलना कशी करायची, असे हे प्रश्न होते. सण म्हणून सवलत आणि खेळ म्हणून मान्यता या दोन्ही भूमिका एकाच वेळी घेता येतात का, हा त्यातील मूलभूत मुद्दा आहे. सणावर बंधने नकोत असे म्हणता येते. परंतु खेळ म्हटला की नियम, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि सुरक्षेची किमान साधने ओघानेच येतात.

विमा

पथकांसाठी सामूहिक अपघात विमा प्रथम पथके व आयोजक यांच्या पुढाकाराने उतरवला जात असे. २०२२ मध्ये शासनाने आर्थिक साहाय्य जाहीर केले. थरावरून पडून मृत्यू झाल्यास १० लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास ७ लाख ५० हजार रुपये आणि एक डोळा किंवा एक अवयव गमावल्यास ५ लाख रुपये, असे त्याचे स्वरूप होते. २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा विमा शासनाने प्रत्येकी ७५ रुपये हप्त्याने उतरवला. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखांपर्यंत वाढवण्यात आली.

विम्यामुळे जखमी गोविंदाच्या कुटुंबाला काही आधार मिळतो. विम्याचा हप्ता सार्वजनिक निधीतून आणि प्रसिद्धी खासगी आयोजकाला, अशी विभागणी योग्य आहे काय, हा प्रश्न यासंदर्भात विचारला जातो. बक्षिसाच्या रकमेचा ठरावीक भाग सुरक्षेवर खर्च करणे आयोजकास बंधनकारक करावे, अशी सूचनाही चर्चेत येत असते.

लहान मुलांचा सहभाग

थर जितके अधिक, तितका वरचा गोविंदा वजनाने हलका असावा लागतो. त्यामुळे उंचीची स्पर्धा आणि मुलांचा सहभाग हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. सर्वाधिक उंचीवरून पडण्याचा धोका सर्वांत लहान सदस्याला असतो. मोठ्या हंड्यांच्या ठिकाणी एक्क्याच्या कमरेला सुरक्षा दोर बांधला जातो आणि डोक्यावर शिरस्त्राण असते. छोट्या हंड्यांच्या ठिकाणी आणि सरावाच्या वेळी ही साधने असतीलच असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्सवापूर्वीच्या सरावात मुंबईत एका ११ वर्षांच्या मुलाचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर १४ वर्षांची अट केवळ उत्सवाच्या दिवसापुरती नसून सरावालाही लागू व्हावी आणि तिची तपासणी व्हावी, हा मुद्दा पुन्हा पुढे आला.

पथकांच्या बाजूने असे सांगितले जाते की वाडीतील मुले लहानपणापासून थर पाहत मोठी होतात आणि पालकांच्या संमतीनेच चढतात. संमती देणारे पालक व चढवणारे मार्गदर्शक एकाच वस्तीतील असल्याने नकार देणे अवघड होते, असे बालहक्क कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे.

प्रो गोविंदा

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या यशानंतर देशी खेळांच्या व्यावसायिक स्पर्धा भरवण्याकडे कल वाढला. त्याच धर्तीवर २०२३ मध्ये मुंबईत वरळी येथे प्रो गोविंदा ही स्पर्धा बंदिस्त क्रीडागारात भरवण्यात आली. येथे पथकांना समान परिस्थितीत, तळाशी गाद्या आणि वरच्या गोविंदाला सुरक्षा दोर अशा व्यवस्थेत थर रचावे लागतात आणि वेळेला महत्त्व असते. पुढील हंगामांत संघांना मालक व प्रायोजक मिळाले. २०२५ च्या हंगामासाठी वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू ख्रिस गेल याला सदिच्छादूत करण्यात आले.

समर्थकांच्या मते सुरक्षितता, निश्चित नियम आणि सणाच्या दिवसापलीकडे मिळणारे उत्पन्न हे या स्पर्धेचे लाभ आहेत. रस्त्यावरील हंडीत न मिळणारी सुरक्षा येथे मिळते, हे टीकाकारही मान्य करतात. मात्र पथकाची ओळख वाडीच्या नावाऐवजी संघमालकाच्या नावाशी जोडली जाते आणि कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार आयोजकांच्या हाती जातो, असा आक्षेप आहे. २०२५ मध्ये जय जवान पथकाला स्पर्धेत स्थान न मिळाल्यावरून वाद झाला, तेव्हा हा मुद्दा विशेष चर्चेत आला. कबड्डीत खेळाडूचा वैयक्तिक लिलाव होतो आणि त्याला करारानुसार मानधन मिळते. दहीहंडीत तळाच्या थरातील गोविंदा प्रेक्षकांना ओळखूही येत नाही. त्यामुळे स्पर्धेचे उत्पन्न त्याच्यापर्यंत कसे पोहोचावे, याची सर्वमान्य पद्धत अद्याप तयार झालेली नाही.

महिला पथके

मुंबईत महिलांची स्वतंत्र गोविंदा पथके असून पार्ले स्पोर्ट्स क्लबचे महिला पथक त्यांपैकी एक आहे. आयोजकांनी महिलांसाठी स्वतंत्र हंड्या व बक्षिसे ठेवण्यास सुरुवात केल्यामुळे या पथकांची संख्या वाढली. या बाबतीत व्यावसायिकीकरणाचा परिणाम सहभाग वाढवणारा ठरला. परंतु महिलांसाठीच्या बक्षिसांची रक्कम सामान्यतः पुरुष पथकांपेक्षा कमी असते आणि सलामीसाठी दीर्घकाळ थांबावे लागते, अशी तक्रार केली जाते.

अन्य देशांतील तुलना

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात 'कास्टेल' नावाने मानवी मनोरे रचण्याची परंपरा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाल्स या गावाच्या परिसरात ती विकसित झाली. २०१० मध्ये युनेस्कोने तिचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तेथेही सर्वांत वर लहान मूल चढते. २००६ मध्ये एका मुलीच्या मृत्यूनंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी शिरस्त्राणाचा वापर रूढ झाला. तळाभोवती शेकडो माणसांची दाट गर्दी उभी करतात, ती आधाराबरोबरच पडणाऱ्यास झेलण्याचेही काम करते. तारागोना येथे दर दोन वर्षांनी मनोऱ्यांची स्पर्धा होते आणि संघांची स्वतःची समन्वय संस्था १९८९ पासून कार्यरत आहे. मुंबईतही दहीहंडी समन्वय समिती पथकांच्या वतीने शासनाशी बोलणी करते. परंतु हंडीची उंची आणि बक्षिसाची रचना अद्याप आयोजकच ठरवतात.

पार्कर या शारीरिक प्रकारातही असाच संघर्ष घडला. पॅरिसजवळील लिस या उपनगरात डेव्हिड बेल आणि त्याच्या सोबत्यांनी विकसित केलेला हा प्रकार मुळात स्पर्धाविरहित होता. २००१ चा 'यामाकासी' हा चित्रपट, २००३ चा 'जंप लंडन' हा माहितीपट आणि २००६ च्या 'कसिनो रॉयाल' या बाँडपटातील सेबास्तियाँ फुकान याची दृश्ये यांमुळे तो जगभर पोहोचला. २००७ पासून शीतपेय कंपनी रेड बुलने त्याच्या स्पर्धा भरवल्या. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कर आपल्या कक्षेत आणण्याचे पाऊल उचलले, तेव्हा अनेक देशांतील पार्कर संघटनांनी विरोध करून 'पार्कर अर्थ' ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. तरीही २०२२ मध्ये टोकियो येथे महासंघाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. खेळ कोणाचा, तो खेळणाऱ्यांचा की त्याला पैसा व मान्यता देणाऱ्यांचा, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे. पार्करमध्ये विरोध मुख्यतः स्पर्धेला होता. दहीहंडीत चुरस मुळातच होती. वाद आहे तो चुरशीची किंमत ठरवण्याच्या अधिकाराचा.

मतमतांतरे

व्यावसायिकीकरणाचे समर्थक असे सांगतात की बक्षिसांमुळे पथके टिकून राहिली. गिरण्या बंद पडल्यानंतर आणि चाळींच्या जागी टॉवर उभे राहिल्यानंतर वाडीतील तरुण विरार, बदलापूर, पनवेलपर्यंत पांगले. तरीही सरावासाठी ते जुन्या वाडीत परत येतात, यामागे मोठ्या हंड्यांचे आकर्षण आहे. पथकामुळे तरुणांना शिस्त, व्यायाम आणि आपलेपणा मिळतो, असेही प्रतिपादन केले जाते.

विरोधकांचे म्हणणे असे की पैशामुळे उत्सवातील भक्ती आणि शेजारभाव मागे पडला, रस्ते अडवले गेले आणि ध्वनिप्रदूषण वाढले. मोठ्या हंड्यांच्या आकर्षणामुळे अनेक जुन्या चाळींतील मानाच्या हंड्यांकडे पथके कमी वळू लागली. राजकीय आश्रयाच्या अस्थिरतेचाही उल्लेख केला जातो. निवडणुकीच्या सुमारास बक्षिसे वाढतात आणि एरवी आटतात. २०१५ च्या दुष्काळात व २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतर काही आयोजकांनी हंड्या रद्द करून निधी मदतकार्याकडे वळवला. या निर्णयाचे स्वागत झाले. परंतु सरावावर आधीच खर्च केलेल्या पथकांना त्याची झळ बसली. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोना साथीमुळे सार्वजनिक उत्सव झाला नाही.

तिसरी भूमिका पथकांतील काही जुने मार्गदर्शक मांडतात. त्यांच्या मते बक्षिसे बंद करणे आवश्यक नाही. ती केवळ थरांच्या संख्येवर न देता थर शिस्तीने रचणे व सुरक्षितपणे उतरवणे यांवर द्यावीत. नियोजित थर धोकादायक वाटल्यास ते मध्येच उतरवणाऱ्या पथकाचा मान कमी होऊ नये, हा या भूमिकेचा गाभा आहे.

चित्रपटांतील चित्रण

'ब्लफ मास्टर' (१९६३) या हिंदी चित्रपटातील शम्मी कपूर यांच्यावर चित्रित दहीहंडीच्या गीताने मुंबईचा गोविंदा देशभर परिचित केला. 'खुद्दार' (१९८२) मध्येही दहीहंडीचे गीत आहे. अवधूत गुप्ते दिग्दर्शित 'कान्हा' (२०१६) हा मराठी चित्रपट गोविंदा पथकांमधील स्पर्धा आणि त्यातील राजकारण यांवर आधारित आहे. तो थरांच्या उंचीवरील न्यायालयीन वाद तीव्र असतानाच प्रदर्शित झाला.

हेही पहा

गोपाळकाला
कृष्ण जन्माष्टमी
मल्लखांब
प्रो कबड्डी लीग
कास्टेल
पार्कर